पदवीदानाला पाहुणा कोणाला बोलवावं? (आणि तुमच्या वेळचा पाहुणा काय बोलला ते आठवतं का?)

संत्रानगरी_मास्तर

नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो. नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्या केबिनमधे बोलावणं येईल. पुढच्या महिन्यात आमच्याकडे पदवीदान आहे. विद्यापीठाचा दीक्षांत नव्हे, कॉलेजचा आपला घरगुती कार्यक्रम, पोरं त्याला ग्रॅज्युएशन डे म्हणतात. दरवर्षी कमिटी बनते आणि जो त्या मीटिंगला नसतो त्याच्या गळ्यात 'प्रमुख पाहुणे' हे काम पडतं. यंदा मी दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो.

बजेट म्हणजे शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि सोनेगाव विमानतळावरून आणायला प्राचार्यांची गाडी. मानधन हा शब्द काढला की मॅनेजमेंटला ऐकू येत नाही.

तर बोलवावं कोणाला? आणि दुसरं असं की काल स्टाफरूममधे सहज विचारलं, तुमच्या पदवीदानाला कोण आलं होतं आणि काय बोललं. आम्ही अकरा जण होतो. चौघांना नाव आठवलं, काय बोलले ते एकालाही नाही. मलाही नाही. मला फक्त गाऊन भाड्याचा होता आणि बाहीतून आधीच्या कोणाचा तरी रुमाल निघाला होता एवढं आठवतं.

फुटाळ्याचा_वारा

दातांच्या डॉक्टरलाच बोलवा की. समोरचा तोंड उघडं ठेवून ऐकतोय याची सवय असते त्यांना.

महालची_सूनबाई

मला आठवतं, पण भाषण नाही. आमच्या पाहुण्यांनी माझ्या हातात लाल मखमली फाइल दिली, फोटो काढला, खाली येऊन फाइल उघडली तर आत कोरा कागद. खरी डिग्री तीन आठवड्यांनी काउंटरवरून घ्यायची होती आणि तीही घ्यायला गेले तर आईच्या नावात चूक. ती दुरुस्त करायला जितक्या चकरा मारल्या तितके तास चार वर्षांत लायब्ररीत बसले नसेन. पाहुणे म्हणाले असतील काहीतरी, आकाशाला गवसणी वगैरे.

झिरो_माइल

गवसणी, गरुडझेप आणि 'तुम्ही उद्याचे शिल्पकार आहात'. हे तीन शब्द नसलेलं भाषण ज्याने ऐकलं असेल त्याला माझ्याकडून गोकुळपेठेत तर्री पोहे.

पुण्यात_अडकलेला_नागपुरी

नागपूर सोडून बोलायचं तर स्टीव्ह जॉब्सचं स्टॅनफर्डचं, २००५. पंधरा मिनिटं पण नाहीये. तीन गोष्टी सांगतो आणि बसतो. कॉलेज सोडल्यावर तो अक्षरलेखनाच्या वर्गात जाऊन बसायचा आणि ते पुढे मॅकच्या अक्षरांत कामी आलं, ही गोष्ट मी अजून लोकांना सांगतो. आणि शेवटी ते भुकेले रहा, वेडे रहा. याच्या पलीकडे कोणी गेलेलं नाही.

झिरो_माइल

@पुण्यात_अडकलेला, ती ओळ त्याची नाहीच मुळी. एका जुन्या कॅटलॉगच्या मागच्या पानावर छापली होती असं त्याने त्याच भाषणात सांगितलंय. पण आमच्या एचआरने ती भिंतीवर रंगवली तेव्हा खाली नाव जॉब्सचं. आणि दुपारी अडीचला कँटीन बंद. भुकेले तर आहोतच.

पुण्यात_अडकलेला_नागपुरी

हे मान्य, पण मग बाकीचं तरी त्याचंच आहे ना बावा. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही, तो कागद समोर ठेवून वाचत होता. जगातलं सगळ्यात जास्त फॉरवर्ड झालेलं भाषण वाचून दाखवलेलं आहे. आपल्याकडे पाहुणा कागद काढतो तेव्हा लोक नाक मुरडतात आणि कागद न काढणारा पाऊण तास सोडत नाही.

अंबाझरी_मॉर्निंगवॉक

फॉरवर्डवरून आठवलं, ते 'सनस्क्रीन लावा' वालं भाषण आलंय का कोणाला? कर्ट व्हॉनेगट या लेखकाने एमआयटीत केलं म्हणून फिरायचं. मी स्वतः कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावलं होतं प्रिंट काढून. नंतर कळलं की ते भाषणच नाही, शिकागो ट्रिब्यूनमधे मेरी श्मिक यांनी १९९७ साली लिहिलेला स्तंभ आहे. व्हॉनेगट त्या वर्षी तिथे गेलेच नव्हते. एमआयटीला त्या साली खरे पाहुणे होते कोफी अन्नान, तेव्हाचे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस. आता बघा, अन्नान प्रत्यक्ष येऊन बोलले ते कोणाला आठवत नाही आणि न झालेलं भाषण जगभर पाठ आहे.

धरमपेठ_काकू

सनस्क्रीन तर आपल्याकडे खरंच लागतं हो. माझ्या लेकीचं पदवीदान मे महिन्यात, उघड्या लॉनवर, ४४ डिग्री. अंगात काळा नायलॉनचा गाऊन, डोक्यावर ती पाटी. पाहुणे म्हणजे टीव्हीवरचे एक कलाकार, अडीच तास उशिरा आले. तेवढ्यात दोन मुलींना चक्कर, कूलरमधलं पाणी संपलं, आणि निवेदिका दर दहा मिनिटांनी 'पाहुण्यांचं काही क्षणातच आगमन होत आहे'. आल्यावर चार मिनिटं बोलले, त्यातली दोन नव्या सिरियलवर, आणि फ्लाइट आहे म्हणून गेले. डिग्र्या मग प्राचार्यांनीच वाटल्या. माझे सासरे ८१ वर्षांचे, नातीला डिग्री घेताना बघायचं म्हणून पूर्ण वेळ कडक इस्त्रीच्या सदऱ्यात बसून होते. मला त्या कलाकाराचा अजून राग येतो. सिरियल बघायची सोडली मी.

साउंडवाला_भाऊ

राजेहो, मी सिस्टिमवाला हाओ, १९९८ पासून. शे-दीडशे तरी असे कार्यक्रम केले असतीन. तुम्ही लोकं स्टेजकडे पाह्यता, मी पब्लिककडे पाह्यतो, माहं टेबल मागं नाही तं साइडले राह्यते. तं सांगतो. पाहुणा उठला की पयले दोन मिनिटं सगळे ऐकतेत. मंग मागच्या लायनीत मोबाइलचे लाइट पेटाले लागतेत, एक पेटला की शेजारचा पेटते. सात-आठ मिनिटात मागं दिवाळी. जो पाहुणा स्वतःची काही गोष्ट सांगून राहिला त्याच्या टायमाले लाइट विझतेत, हे म्या डोळ्यानं पाह्यलं. सल्ला देऊन राहिला तं पेटतेत.

दुसरं, 'शेवटी एवढंच सांगतो' म्हटलं की लोकं चपला शोधतेत पायानं. एका सायबानं हे पाच वेळा म्हटलं. पाचव्यांदा तं चपला घालून लोकं बसले होते सरळ. चिठ्ठी पाठवली तं ते वाचत नाही, खिशात टाकतेत. माइक बंद करता येत नाही, केला तं पुढचं काम जाते. पण आवाज हळूहळू, एकदम हळूहळू कमी केला ना, तं माणूस आपोआप थकते. त्याले कळत नाही काऊन थकलो ते.

झिरो_माइल

साउंडवाले भाऊ, दंडवत. हा धागा इथेच संपला तरी चालेल.

फुटाळ्याचा_वारा

आमच्या सोसायटीच्या जनरल बॉडीला याल का? सिस्टिम नसते आमच्याकडे पण आवाज कमी करायचाय.

जुना_मॉरिसकर

या विषयावर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, वयपरत्वे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

दीक्षांत हा प्रकार आपल्याकडे गाऊनबरोबर आलेला नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत अकराव्या अनुवाकात गुरू निघालेल्या शिष्यांना उपदेश करतो, सत्यं वद, धर्मं चर, स्वाध्यायान्मा प्रमदः. अनेक विद्यापीठांत आजही समारंभात तो भाग म्हणतात. सावकाश म्हटला तरी दोन-तीन मिनिटांत संपतो. आणि त्यात एक वाक्य आहे जे मी अजून एकाही पाहुण्याच्या तोंडून ऐकलेलं नाही, यान्यस्माकं सुचरितानि तानि त्वयोपास्यानि नो इतराणि. म्हणजे आमचं जे चांगलं वागणं असेल तेवढंच घ्या, बाकीचं नको. गुरू स्वतः उभा राहून सांगतोय की आमचं सगळंच घेण्यासारखं नाही!

दुसरी गोष्ट भाषेची. १७ फेब्रुवारी १९३७ ला रवींद्रनाथांनी कलकत्ता विद्यापीठाचं दीक्षांत भाषण बंगालीत केलं, तिथे ते पहिल्यांदाच बंगालीत झालं. त्याच्याही आधी १९१६ च्या फेब्रुवारीत काशी हिंदू विद्यापीठाच्या समारंभात (तो दीक्षांत नव्हता, उद्घाटनाचा होता) गांधीजींनी परक्या भाषेत बोलावं लागतंय याची लाज वाटते असं सांगितलं आणि समोर बसलेल्या राजेरजवाड्यांच्या दागिन्यांवर बोलले. ॲनी बेझंट बाईंनी त्यांना मधेच थांबवलं. पाहुणा असा बोलवावा की आयोजकांना मधेच उठावंसं वाटेल.

सोनेगाव_रनवे

काका, आयोजकांना उठावंसं वाटलं तर पुढच्या वर्षी मास्तरांना नोकरी शोधावी लागेल ना. :)

मी इव्हेंटचं काम करते, आतली गोष्ट सांगते. मुंबईचं कुठलंही 'नाव' बोलवायचं तर आधी त्यांच्या मॅनेजरशी बोला, मग दोन विमानाची तिकिटं, हॉटेल, आणि किती वेळ, किती फोटो, काय विचारायचं नाही ते सगळं लिहून. मास्तरांच्या शाल-श्रीफळात हे बसत नाही. मोटिव्हेशनल स्पीकर बसतो, पण मग तो शेवटी आपल्या कोर्सचा क्यूआर कोड दाखवतो. हे मी विनोद म्हणून लिहीत नाहीये.

आणि कंपनीचा एचआर बोलवू नका. पोरांना वाटतं ऑफर लेटर आणलं असेल.

पुण्यात_अडकलेला_नागपुरी

ऑफर लेटरचं सोडा, अमेरिकेत मोरहाउस कॉलेजात २०१९ ला रॉबर्ट स्मिथ नावाचे उद्योगपती पाहुणे होते, त्यांनी भाषणातच सांगून टाकलं की या बॅचचं सगळं शैक्षणिक कर्ज मी फेडतो. सुमारे ४०० पोरं. आकडा नंतर जवळपास ३.४ कोटी डॉलरवर गेला. असा पाहुणा द्या.

झिरो_माइल

आणि आधीच्या वर्षीची बॅच घरी टीव्हीवर बघत असेल. बिचारे एक वर्षाने हुकले. बॅक राहिला असता तर कर्ज फिटलं असतं, इतिहासात पहिल्यांदाच नापास पोट्टे सुखी.

अंबाझरी_मॉर्निंगवॉक

@झिरो_माइल :D :D

मास्तर, परदेशातलं अलीकडचं चांगलं म्हणजे फेडररचं, डार्टमथ, जून २०२४. म्हणतो मी एकेरीचे १५२६ सामने खेळलो, त्यातले जवळजवळ ८० टक्के जिंकले, पण गुण मात्र फक्त ५४ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मे गुण हरूनही हे सगळं. माझा मुलगा गेटच्या परीक्षेत दोनदा अडकला होता, त्याला हे सांगितलं तर म्हणाला 'बाबा, गेटमधे ५४ टक्क्यात काय होते माहिती आहे ना?' मी विषय बदलला.

नंदनवन_एक्स्प्रेस

स्वप्न विकणारे पाहुणे नकोत. कलाम साहेबांसारखे हवेत, शेवटच्या श्वासापर्यंत दीक्षांत भाषण करत गेले.

जुना_मॉरिसकर

@नंदनवन_एक्स्प्रेस, दुरुस्ती करतो, राग नसावा. २७ जुलै २०१५ ला शिलाँगच्या आयआयएममधे कलाम गेले तेव्हा ते व्याख्यान देत होते, दीक्षांत नव्हता. बाकी मुलांकडून ते शपथ म्हणवून घ्यायचे हे खरं, आणि ती पद्धत मला आवडायची, ऐकणाऱ्याला निदान तोंड उघडावं लागायचं.

महालची_सूनबाई

परत दातांचा डॉक्टर आला.

रेशीमबाग_लॉ

इतकं लांब कशाला जाता. जानेवारी २०२० मधे आपल्या विद्यापीठाच्या १०७ व्या दीक्षांतला शरद बोबडे आले होते. तेव्हा सरन्यायाधीश, आणि आपल्याच गावचे, आपल्याच विद्यापीठाचे वकील. मुद्दा त्यांचा असा होता की विद्यापीठ म्हणजे नुसत्या विटा-सिमेंट नव्हे आणि ते कारखान्याच्या असेंब्ली लाइनसारखं चालता कामा नये. आणि डिसेंबर २०२३ ला, म्हणजे विद्यापीठाला शंभर वर्षं झाली त्या वर्षी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू १११ व्या दीक्षांतला आल्या. नागपूरला मोठे पाहुणे येत नाहीत असं काही नाही.

झिरो_माइल

येतात हो. पण राष्ट्रपती येणार म्हणजे रस्ते बंद. माझ्या डोळ्यासमोर पदवीदान म्हटलं की आधी बॅरिकेड येतं.

फुटाळ्याचा_वारा

अवांतर: तो काळा गाऊन जाणार कधी? २०१० ला भोपाळमधे जयराम रमेश यांनी दीक्षांतच्या स्टेजवरच गाऊन काढला, वसाहतवादाचं रानटी अवशेष म्हणाले. तेव्हा ते पर्यावरण मंत्री होते. यूजीसीनेही नंतर हातमागाचे कपडे वापरा म्हणून विद्यापीठांना सांगितलं. आपल्याकडे अजून भाड्याचा नायलॉन, वर डिपॉझिट.

संत्रानगरी_मास्तर

गाऊनवाल्याचं ॲडव्हान्स गेलंय, तो विषय काढू नका. दुसऱ्या धाग्यावर भांडू.

भंडारा_ते_बंगळुरू

मी कधी लिहीत नाही इथे, वाचते फक्त. पण साउंडवाले भाऊंनी जे लिहिलंय ना की स्वतःची गोष्ट सांगितली की मागचे लाइट विझतात, ते वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या पदवीदानाला जे मोठे पाहुणे ठरले होते ते ऐनवेळी आलेच नाहीत, मग कॉलेजच्याच एका जुन्या विद्यार्थ्याला आदल्या रात्री फोन करून बोलावलं. वीज केंद्रात इंजिनीअर होते, चाळिशीचे असतील, शर्टाची बाही नीट दुमडलेली, आणि माइक तोंडापासून इतका लांब की आधी 'सर जवळ घ्या' असं ओरडावं लागलं. ते म्हणाले मला भाषण येत नाही, मी केलेली एक चूक सांगतो. नोकरीला लागून दोन महिने झाले होते, रात्रपाळी होती, दोन पॅनल शेजारी शेजारी सारखेच दिसणारे, आणि यांनी बंद करायचं ते सोडून चालू असलेल्याचा ब्रेकर पाडला. एक सेक्शन अंधारात. कोणाला इजा झाली नाही, पण सीनियर धावत आले, आणि यांना वाटलं आता नोकरी गेली. सीनियर काही बोललेच नाहीत. आधी लाइन परत घेतली, मग लॉगबुक पुढे सरकवलं आणि म्हणाले, वेळ लिही, काय केलं ते लिही, आणि खाली तुझं नाव लिही, पूर्ण. यांनी आधी 'ब्रेकर पडला' असं लिहिलं. सीनियरनी पेनाने खोडलं आणि म्हणाले, 'पडला? की पाडला?'

एवढंच. नऊ-दहा मिनिटं झाली असतील. सल्ला नाही, सुविचार नाही. खाली बसले तेव्हा टाळ्या पण जरा उशिराने वाजल्या कारण लोकांना वाटलं अजून बोलणार आहेत. माझे बाबा धानाचे शेतकरी, पवनीहून एसटीने आले होते, त्यांना इंजिनीअरिंगचं काही कळत नाही, पण परतताना बसमधे ते दोनदा म्हणाले, पाडला की पडला.

मी आता सॉफ्टवेअरमधे आहे. काही बिघडलं की रिपोर्टमधे सगळे 'सर्व्हर डाउन झाला' लिहितात. मी 'मी चुकीची फाइल टाकली' लिहिते. मॅनेजरला सुरुवातीला विचित्र वाटायचं.

झिरो_माइल

ताई, गोकुळपेठेचे पोहे तुमचे. कधी येता सांगा.

धरमपेठ_काकू

वाचून डोळ्यात पाणी आलं गं. वडिलांना नमस्कार सांग.

नंदनवन_एक्स्प्रेस

चांगलं आहे, पण आनंदाच्या दिवशी चुका कशाला सांगायच्या? पोरांचे आईबाप दुरून येतात. त्यांना वाटलं पाहिजे पोराने काहीतरी मिळवलं. मोठा माणूस आला, हात मिळवला, फोटो घरात लागला, याला काहीच किंमत नाही का? आमच्या घरी माझा फोटो आहे तेव्हाच्या कुलगुरूंसोबत, आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. भाषण आठवत नाही पण फोटो आहे.

जुना_मॉरिसकर

हे म्हणणं मला पटतं. बाबासाहेबांना १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने आणि १९५३ साली उस्मानियाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. आमच्या इंदोऱ्याच्या घरी माझ्या वडिलांनी त्यांचा गाऊनमधला फोटो लावला होता. त्या फोटोखाली बसून आम्ही पाचही भावंडं शिकलो. म्हणून गाऊनला नुसतं वसाहतवादी म्हणून हसणं मला जमत नाही. कोणाच्या अंगावर आला यावर आहे ते.

फुटाळ्याचा_वारा

काका, गाऊनबद्दलचं माझं विधान मागे. भाड्याबद्दलचं नाही.

(नऊ दिवसांनी)

पुण्यात_अडकलेला_नागपुरी

धागा वर काढतोय. मास्तर, कोण ठरलं?

संत्रानगरी_मास्तर

सांगतो, हसू नका. मी तुमच्या सगळ्यांचे प्रतिसाद वाचून सहा नावांची यादी केली, त्यात तीन माजी विद्यार्थी, दोन शास्त्रज्ञ, एक निवृत्त न्यायाधीश. मीटिंगमधे वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या नावावर अध्यक्ष म्हणाले, यंदा आमच्या व्याह्यांना बोलवावं असा विचार आहे. ठराव एकमताने मंजूर.

झिरो_माइल

भैताडावाणी आम्ही तैत्तिरीय उपनिषदापासून फेडररपर्यंत गेलो आणि निघाले व्याही.

सोनेगाव_रनवे

इव्हेंट लाइनमधे याला 'आधीच ठरलेलं' म्हणतात. व्याही करतात काय?

संत्रानगरी_मास्तर

सिमेंटचे पाइप बनवतात, नालीला वगैरे लागतात ते. निमंत्रण द्यायला मीच गेलो. चहा आला, आता काय बोलावं म्हणून भंडाऱ्याच्या ताईंचा प्रश्न टाकला, म्हटलं सर, तुमच्या धंद्यातली एखादी चूक सांगाल का. बायको आत होती, ती आतूनच म्हणाली, 'ते पाइप सांगा'. मग सुरू झाले. पहिलं मोठं काम, एप्रिल महिना, घाई, पाणी मारायचे दिवस कमी केले. पाइप दिसायला झकास. नालीत टाकले, वर माती पडली, पहिला ट्रॅक्टर गेला आणि तडकले. कंत्राटदार म्हणाला बुजवून टाकू, कोणाला दिसते. यांनी स्वतःच्या पैशाने सगळे उखडून परत टाकले, दोन वर्षं त्याचं कर्ज फेडलं. हे सगळं मला चाळीस मिनिटं सांगितलं. चहा दोनदा झाला. खोटं सांगत नाही, मी मोबाइल काढला नाही.

भंडारा_ते_बंगळुरू

हेच बोलायला सांगा ना त्यांना!

संत्रानगरी_मास्तर

सांगितलं. तर म्हणतात, छे, पोरांना काही चांगलं सांगतो, एक इंग्रजी भाषण नेटवरून काढून ठेवलंय भाच्याने. भुकेले रहा वगैरे.

झिरो_माइल

इचिन.

महालची_सूनबाई

बायकोला पण स्टेजवर बसवा. ती म्हणेल 'ते पाइप सांगा'.

संत्रानगरी_मास्तर

हे भारी आहे. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो. @साउंडवाला_भाऊ, तुमचा नंबर मेसेजमधे टाकाल का? आमच्याकडे सिस्टिम अजून ठरलेली नाही.

साउंडवाला_भाऊ

टाकला. पाइप सांगतले तं फुल आवाज ठेवतो. भुकेले राहा चालू झालं तं पाहून घेतो.

फुटाळ्याचा_वारा

आणि पोहे?

संत्रानगरी_मास्तर

कार्यक्रमानंतर. आधी ठेवले तर भाषणाला बसणार कोण.